बिलाचें यंत्र आणि कराचा दर

रोह्याला लागून असलेल्या वरसे गांवचे एक शेतकरी दोन बिलें घेऊन आमच्याकडे आले होते. पहिलें बिल ऑगस्ट २०२५ मधील, भातासाठीं घेतलेल्या झिंक सल्फेटचें; दुसरें त्याच सालच्या नोव्हेंबरमधील, कलिंगडासाठीं घेतलेल्या त्याच मालाचें. दोहोंवर मूळ किंमत ५०० रुपये, कर शेंकडा १२ प्रमाणें ६० रुपये, एकूण ५६० रुपये. मध्यंतरीं, २२ सप्टेंबर २०२५ पासून, खत नियंत्रण आदेशांत नमूद असलेल्या व नोंदणीकृत कारखानदारानें तयार केलेल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांवरील कर शेंकडा १२ वरून ५ वर आलेला होता. म्हणजे दुसऱ्या बिलांत कर २५ रुपये असावयास पाहिजे होता. ३५ रुपये जास्त गेले. त्यांनीं दुकानांत विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें, "मशीनमध्यें तसेंच येतें, काका."

३५ रुपयांसाठीं लेख लिहावयाचा काय, असें कोणी म्हणेल. आमचें लक्ष रकमेपेक्षां त्या उत्तराकडे गेलें. दुकानदार हातानें बिल लिहीत असे तेव्हां चूक झाली तर ती त्याची चूक असे, आणि दाखवून दिली असतां तो ती खोडून दुरुस्त करी. आतां दर यंत्रांत कोणी तरी, केव्हां तरी घालून ठेविलेला असतो. घालणारा समोर नसतो, व समोर असतो तो नोकर स्वतःला यंत्राचा ताबेदार समजतो. अशा रीतीनें चुकीला धनीच उरत नाहीं. आमच्या सभासदांच्या अनेक सोसायट्या व संघ आज खत-औषधांची दुकानें चालवितात आणि त्यांतील बहुतेकांत बिल संगणकावर निघतें. तेव्हां हा प्रश्न परक्याचा नव्हे, आपल्याच घरचा आहे.

या बाबतींत शेतकऱ्याची जागा इतर गिऱ्हाइकांहून निराळी आहे. नोंदणी असलेला व्यापारी खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करांतून वजा करून घेतो. कोणा दुकानदाराच्या चुकीनें त्याच्याकडून कांहीं जास्त गेलें तरी त्याला त्याची भरपाई होण्यास वाट असते. शेतकऱ्याचें भात, वाल, भाजी हीं सुटीं विकलीं असतां त्यांवर कर नाहीं, व स्वतः कसलेल्या जमिनींतील पीक विकणाऱ्यास जीएसटी कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणें नोंदणीहि लागत नाहीं. ही सवलत खरी आहे. परंतु तिची दुसरी बाजू अशी कीं, खतावर, औषधावर, फवारणीच्या पंपावर त्यानें जो कर भरला तो कोणाकडूनहि वळता करून घेतां येत नाहीं. तो सगळा त्याच्या लागवडीच्या खर्चांत मुरतो. यास्तव बिलांतील दराची चूक शेतकऱ्याच्या बाबतींत कायमची चूक ठरते. उलट, दर चुकून कमी लागला तर फरक भरावा लागतो तो सोसायटीस, शेंकडा १८ दराच्या व्याजासह. आणि सोसायटीचा पैसा म्हणजे शेवटीं त्याच शेतकऱ्यांचा पैसा.

मालागणिक निराळा दर ही कांहीं आजची गोष्ट नाहीं. मुंबई इलाख्यांत सर्वसाधारण विक्रीकर १९४६ च्या कायद्यानें आला. पुढें १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा १ जानेवारी १९६० पासून अमलांत येऊन पंचेचाळीस वर्षें चालला. १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर व १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, सुरू झाला. या शेवटच्या पालटाच्या आदल्याच दिवशीं, ३० जून २०१७ रोजीं, जीएसटी परिषदेनें खताचा ठरून गेलेला दर शेंकडा १२ वरून ५ वर आणला. ज्यांनीं अगोदर तयारी करून यंत्रांत १२ घालून ठेविले होते, त्या दक्ष दुकानदारांचीच त्या रात्रीं धांदल उडाली असली पाहिजे. (देशाचे एके काळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचें बालपण रोह्यांत गेलें, कराच्या कोष्टकांचें भय रोहेकरांनीं तरी बाळगूं नये.)

आतां एखाद्या कृषि सेवा केंद्राच्या फळीकडे पाहूं. भेंडीच्या बियाण्याची पुडी, विळा, कोयता, कुदळ, फावडें, पशुखाद्याचें पोतें यांवर कर नाहीं. युरिया व इतर रासायनिक खतें शेंकडा ५. फवारणीचा पंप पूर्वीं १२, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५. रासायनिक कीटकनाशक पूर्वींहि १८ व आजहि १८. परंतु ट्रायकोडर्मा, सुडोमोनास, बिव्हेरिया, कडुनिंबापासून केलेलीं औषधें अशा नेमक्या बारा जैविक औषधांवर पूर्वीं १२ होता तो आतां ५ झाला आहे. म्हणजे एकाच फळीवर शेजारीं शेजारीं असलेल्या, आकारानें सारख्या तीन बाटल्या घ्या. पहिलींत रासायनिक कीटकनाशक, दुसरींत निंबोळीचें औषध, तिसरींत पिकाचें टॉनिक म्हणून विकलें जाणारें वाढनियंत्रक. दुकानांत तिहींस "औषध" म्हणतात. यंत्रांत "औषध" असा एकच वर्ग करून त्याला एकच दर लावला, तर पहिली व तिसरी बाटली १८ दरानें बरोबर निघेल आणि दुसरीवर शेतकऱ्याचे शेंकडा १३ विनाकारण जातील. जो शेतकरी विषारी औषध सोडून निंबोळीकडे वळला त्यालाच हा दंड! वर्गाला दर लावण्याची ही संवय पहिल्यानें मोडली पाहिजे. दर प्रत्येक मालाला, त्याच्या एचएसएन क्रमांकावरून व डब्यावरील मजकूर वाचून लावावयाचा असतो.

मालाचें नांव एक असूनहि दर दोन, असाहि प्रकार आहे, आणि आमच्या भागांत तो नित्याचा आहे. पेणचे पोहे घ्या. पोत्यांतून सुटे तोलून दिले तर कर नाहीं. तेच पोहे अर्ध्या किलोच्या बंद पिशवींत, वजन व नांव छापून विकले तर शेंकडा ५. तांदूळ व गूळ यांचेंहि तसेंच. हा नियम १८ जुलै २०२२ पासूनचा आहे. त्यापूर्वीं प्रश्न व्यापारी नांवाचा असे, आतां तो बंद पिशवीचा व तीवरील छापाचा आहे. धान्याच्या बाबतींत २५ किलोपर्यंतच्याच पिशवीला हा कर लागतो. ५० किलोचें पोतें त्यांतून सुटतें, व दुकानदारानें तें फोडून सुटा तांदूळ विकला तरी कर नाहीं. आणि त्याच पेणचा पापड मात्र, बंद पाकिटांत असो वा सुटा, करमुक्तच आहे! ही विसंगति कोणी निर्माण केली, कां केली, हा वाद येथें करीत नाहीं. दुकानापुरतें सांगावयाचें तें इतकेंच कीं, "पोहे" या एका नांवाखालीं यंत्रांत एकच नोंद ठेवून भागत नाहीं. "पोहे, सुटे" व "पोहे, पिशवीबंद" अशा दोन नोंदी पाहिजेत, आणि तोलणाऱ्याला त्या कां दोन आहेत हें ठाऊक पाहिजे.

परंतु खरी मेख आहे ती तारखेची. आमच्या पाहण्यांत आलेल्या अनेक यंत्रांत मालापुढें दराचा एकच रकाना असतो. दर बदलला कीं जुना आंकडा पुसून नवा घालावयाचा. वरवर पाहतां यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. आतां वरील शेतकऱ्याचें पहिलें, ऑगस्टचें बिल पुन्हां छापून पाहा. कांहीं यंत्रें मालापुढें त्या दिवशीं जो दर असेल तोच घेतात, व ऑगस्टचें बिल ५ दरानें छापून देतात! सरकारांत भरलेलें ऑगस्टचें विवरणपत्र एक सांगतें व दुकानचें बिल दुसरें. उद्यां तपासणी झाली तर दुकानदारानें सात टक्के खाल्ले असें दिसेल, आणि त्या बिचाऱ्यानें तर एक पैसाहि ठेविलेला नाहीं.

दुसरें उदाहरण परतीचें. ऑगस्टमध्यें घेतलेला पंप ऑक्टोबरांत परत आला. घेतांना १२ दरानें कर दिलेला. परत करतांना यंत्र आजचा ५ दर लावून पैसे मोजील तर गिऱ्हाइकाचे शेंकडा ७ बुडाले. परतीचा हिशेब मूळ बिलाच्या दरानेंच झाला पाहिजे.

तिसरें उदाहरण उधारीचें, आणि खेड्यांत उधारीवांचून दुकान चालत नाहीं. माल व बिल ऑगस्टमध्यें, पैसे भात झोडल्यावर नोव्हेंबरांत. येथें बिलाची तारीख धरावयाची. दर १२ च राहतो. "आतां दर उतरला, आतांच्या दरानें घ्या" असें शेतकरी म्हणेल, पण कायद्याचें १४ वें कलम त्यास अनुकूल नाहीं. याच्या उलट दुकानदारहि एक चुकीची सबब सांगतात: "माल आम्हीं १२ नें आणला आहे, म्हणून तो संपेपर्यंत १२ च घेणार." तेंहि खोटें आहे. दर विक्रीच्या वेळचा, खरेदीच्या वेळचा नव्हे. दुकानदारानें १२ दरानें जो कर भरला त्याची वजावट त्याला कायम असते.

यावर उपाय साधा आहे व हिशेबाच्या जुन्या वह्या ठेवणाऱ्यांस तो सहज कळेल. प्रत्येक मालापुढें दराबरोबर "कोणत्या तारखेपासून" व "कोणत्या तारखेपर्यंत" हे दोन रकाने असावेत. दर बदलला कीं जुनी ओळ पुसावयाची नाहीं. तिची शेवटची तारीख भरून खालीं नवी ओळ लिहावयाची. यंत्रानें बिलाच्या तारखेवरून योग्य ती ओळ घ्यावी, आणि जो दर लागला तो त्या बिलाबरोबर कायमचा साठवून ठेवावा. असें केलें म्हणजे २१ सप्टेंबरच्या सायंकाळींच २२ चा दर भरून ठेवितां येतो, मध्यरात्रीं जागावें लागत नाहीं. सातबारावर फेरफार होतो तेव्हां जुन्या नोंदीला कंस करितात, ती फाडून टाकीत नाहींत. तीच रीत येथें पाहिजे. यंत्र विकावयास येणाऱ्यास सोसायटीच्या पंचांनीं पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि त्याच्यासमोर एक जुनें बिल पुन्हां छापून पाहावें.

कर किंमतींत धरलेला असतो तेव्हां तो आंतून काढावयाचा असतो, हें त्रैराशिक पुष्कळ ठिकाणीं चुकतें. औषधाच्या बाटलीवर छापील किंमत ११८० रुपये, सर्व करांसह. दर १८. मूळ किंमत १००० व कर १८० रुपये. पण एका दुकानीं ११८० चे शेंकडा १८, म्हणजे २१२ रुपये ४० पैसे, कर धरलेला आम्हीं पाहिला. ३२ रुपये ४० पैसे सोसायटीनें आपल्या नफ्यांतून सरकारांत उगाच भरले. याहून वाईट म्हणजे छापील किमतीवर पुन्हां कर चढवून १३९२ रुपये ४० पैसे मागणें. तसें कोणी केल्यास शेतकऱ्यानें बाटलीवरील आंकड्यावर बोट ठेवून पैसे देण्याचें नाकारावें. पूर्णांकाच्या पैशांबद्दल फार डोकें शिणविण्याचें कारण नाहीं. तो हिशेब सगळीकडे एकाच रीतीनें झाला म्हणजे पुरे.

रिकामा रकाना व शून्य यांत भेद आहे. बियाण्यावर कर शून्य, हा एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय झाला. नवीन आलेल्या बाटलीपुढें दर भरावयाचाच राहिला, ही विस्मृति झाली. पुष्कळ यंत्रें दोहोंस सारखेंच लेखून बिनकराचें बिल काढतात. दर भरल्याविना बिलच निघूं नये, अशी अट यंत्रांत घालून घ्यावी. तसेंच बियाणें, जैविक औषध व रासायनिक औषध एकत्र बांधून एका किमतीस "संच" विकण्याची हल्लीं हौस आहे. अशा संचास त्यांतील सर्वांत जास्त दर, म्हणजे १८, सगळ्या रकमेवर लागतो व करमुक्त बियाण्यावरहि कर बसतो. तीन वस्तू तीन ओळींत, आपापल्या किमतीनें विकाव्या. त्यांत शेतकऱ्याचें हित आहे.

खताच्या दुकानांत आणखी एक यंत्र असतें, सरकारी पॉस यंत्र. मार्च २०१८ पर्यंत ही पद्धत देशभर लागू झाली. शेतकऱ्याचा आधार क्रमांक व अंगठा घेऊन तीवर अनुदानित खताची विक्री नोंदली जाते व त्यावरून कंपनीस अनुदान मिळतें. युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीची ठरलेली किंमत २४२ रुपये, निंबोळी लेपाचा आकार व कर निराळे. येथें ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, शेतकरी जी किंमत देतो तीवरच कर लागतो. सरकारी अनुदानाची रक्कम करासाठीं धरूं नये असें कायद्याच्या १५ व्या कलमांत आहे. पण एका गल्ल्यावर दोन यंत्रें झालीं व तीं एकमेकांशीं बोलत नसलीं म्हणजे खत एकांत, बाकीचा माल दुसऱ्यांत, आणि शेतकऱ्याच्या हातांत कधीं एकच चिठ्ठी. युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यांत बांधण्याची वाईट चाल, जिला "लिंकिंग" म्हणतात, ती अशाच अर्धवट चिठ्ठ्यांच्या आड लपते. प्रत्येक वस्तूची ओळ, तिचा दर व कराची रक्कम छापलेलें पूर्ण बिल मागून घेणें हा तिच्यावरील निदान एक उतारा आहे. जो लहान दुकानदार कंपोझिशन योजनेखालीं आहे, त्यास मात्र गिऱ्हाइकाकडून कर घेतांच येत नाहीं. त्याच्या बिलांत कराची ओळ दिसली तर तेंच मुळीं बेकायदा समजावें.

अमेरिकेंत हा प्रश्न दुसऱ्या टोंकानें येतो. तेथें राज्य, परगणा, शहर यांचे विक्रीकर निराळे, व करांचीं क्षेत्रें हजारोंनीं मोजण्याइतकीं. ऑरेगनसारख्या राज्यांत राज्याचा सर्वसाधारण विक्रीकरच नाहीं. तेथील दुकानचें यंत्र आधीं "कोठें" असें विचारतें. आपलें यंत्र "काय, कसें बांधलेलें, आणि केव्हां" असें विचारतें. परदेशी पद्धतीवर बेतलेलीं यंत्रें आपल्याकडे स्वस्तांत मिळतात; त्यांत दराचीं स्थळें हवीं तितकीं, पण तारखेचा रकाना आहे कीं नाहीं हें पाहूनच तीं घ्यावीं.

यावर सोसायट्यांचे चिटणीस काय म्हणतील तें आम्ही जाणतों. एक माणूस बिल करणार, तोच माल देणार, तोच वसुलीस जाणार. मृगाच्या पावसांत दारांत पन्नास माणसें भिजत उभीं असतां बाटलीवरील बारीक अक्षरें कोण वाचणार? तक्रार खरी आहे. परंतु तें काम मृगांत करावयाचें नाहींच. तें नवा माल आला त्या दिवशीं, फळीवर मांडण्यापूर्वीं करावयाचें आहे. शंभर-सव्वाशें वस्तूंचें कोष्टक एका माणसाचें दोन-तीन सायंकाळचें काम आहे. कोष्टक यंत्र विकणाऱ्याच्या स्वाधीन करूं नये. त्याला युरिया व टॉनिक यांतला फरक कळण्याचें कारण नाहीं. तें चिटणिसानें स्वतः करावें, कर-सल्लागारास एकदां दाखवावें, त्यावर तारीख घालून सही करावी व त्याची एक प्रत दुकानांत लावावी. सही असली म्हणजे "मशीनमध्यें तसेंच येतें" हें उत्तर देतां येत नाहीं. परिषदेची बैठक झाली कीं त्या कागदाची पुन्हां उजळणी व्हावी.

वरसे येथील त्या शेतकऱ्यांस आम्हीं दुसरें बिल घेऊन दुकानांत परत जावयास सांगितलें. बिलांत कर जास्त लागला असेल तर दुकानदारास ३४ व्या कलमाप्रमाणें क्रेडिट नोट काढून दुरुस्ती करतां येते. मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जें आधीं येईल तें. मात्र जास्त घेतलेले पैसे गिऱ्हाइकास परत केल्याविना त्याला स्वतःच्या करांतून ती रक्कम वजा करतां येत नाहीं, आणि कर म्हणून घेतलेली रक्कम स्वतःकडे तर ठेवितांच येत नाहीं. दुकानदारानें ३५ रुपये परत केले व यंत्रांतील दर त्याच वेळीं बदलला. २२ सप्टेंबरपासून त्या मालाचीं जीं जीं बिलें निघालीं त्यांची यादी काढावयास तो आतां बसला आहे. ज्यांचीं नांवें बिलावर आहेत त्यांस निरोप गेले आहेत. ज्यांनीं नांव न सांगतां रोखीनें माल नेला, त्यांनीं आपलीं बिलें शोधून ठेवावींत.